तबकडीत न मावलेली नाटकं

परवा एका जुन्या मित्राशी कडाक्याचा वाद झाला. विषय ऐकून घरचे हसले. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, विस्मरणात गेलेल्या म्युझिकल्सची (तिकडच्या संगीत नाटकांची) नव्यानं रेकॉर्डिंग करण्यात काय हशील? त्याचं म्हणणं, मूळ संचाचे अल्बम आहेत ना, त्या गायकांपुढे आजचे काय गाणार? आणि जी नाटकं तेव्हाच पडली, ती पडण्याच्याच लायकीची असणार. मला तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे. म्हणून इथे.

आधीच सांगते, यातलं एकही म्युझिकल मी रंगमंचावर पाहिलेलं नाही. माझी सगळी ओळख कानांनी झालेली. त्यामुळे माझा पक्ष कुठला असणार हे उघड आहे.

मूळ अल्बम म्हणजे मूळ नाटक, ही समजूतच मुळात चुकीची. 1943 मध्ये डेका कंपनीच्या जॅक कॅपनं 'ओक्लाहोमा!'ची गाणी त्याच संचाकडून, त्याच वाद्यवृंदासह रेकॉर्ड करून घेतली आणि अमेरिकेत कास्ट अल्बमचा पायंडा पडला. पण त्या मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या. एका बाजूला तीन-चार मिनिटं. गाणं तेवढ्यात बसलं तर बसलं, नाहीतर कडवं गेलं. (जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) 1948 मध्ये जास्त वेळ वाजणारी तबकडी, एलपी, आली, तरी जागा 50 मिनिटांच्या आसपासच. मग नाचाचं संगीत गेलं, संवादांखाली वाजणारं संगीत गेलं, दुसऱ्या अंकात वेगळ्या अर्थानं परत येणारी गाणी गेली. उरली ती नाटकातली गाणी. नाटक नव्हे.

आणि हे नशीबवानांचं. 1948 मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं जवळजवळ वर्षभर रेकॉर्डिंग बंद ठेवलं होतं. नेमकं त्याच वर्षी ऑक्टोबरात संगीतकार कुर्ट वाइल आणि लेखक-गीतकार ॲलन जे लर्नर यांचं 'लव्ह लाइफ' आलं. एक जोडपं, 1791 पासून पुढे दीडशे वर्षं म्हातारं न होता संसार करतं आणि त्या संसाराला हळूहळू तडे जातात. मधूनमधून गोष्ट थांबवून व्होडव्हिलचे, म्हणजे जुन्या अमेरिकी विविधरंगी करमणुकीच्या धर्तीचे, नंबर. पुढे ज्या प्रयोगशील म्युझिकल्सचा एवढा गवगवा झाला, त्यांची वाट इथून जाते असं जाणकार म्हणतात. 252 प्रयोग झाले. अल्बम निघाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक या नाटकाबद्दल वाचत राहिले. ऐकणार कुठून?

'द गोल्डन ॲपल'चं दुखणं निराळं. संगीतकार जेरोम मोरॉस आणि लेखक-गीतकार जॉन लाटूश यांचं हे 1954 चं काम. इलियड आणि ओडिसी ही ग्रीक महाकाव्यं उचलून विसाव्या शतकाच्या तोंडावरच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका खेड्यात आणून ठेवलेली. पॅरिस फुग्यातून उतरणारा फिरता विक्रेता, हेलन त्याच्याबरोबर पळून जाते. जवळपास सगळं नाटक गाण्यातूनच पुढे सरकतं. ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्याच छोट्या नाट्यगृहात, सुरू झालं, न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांनी त्याला वर्षातलं सर्वोत्तम म्युझिकल ठरवलं, मग ब्रॉडवेवर गेलं आणि तिथे 125 प्रयोगांत आटोपलं. आता सलग गायल्या जाणाऱ्या नाटकाचा अल्बम काढताना कंपनीनं काय करावं? निवडक तुकडे घेतले आणि मध्ये यमकातलं निवेदन घालून गोष्ट उरकली! तो अल्बम ऐकून मीही वर्षानुवर्षं म्हणत होते की त्यातलं 'लेझी आफ्टरनून' हे गाणं सुंदर आहे, बाकी ठीकठाक. 2015 मध्ये टेक्सासमधल्या लिरिक स्टेज या नाट्यसंस्थेच्या प्रयोगाचं पूर्ण रेकॉर्डिंग पीएस क्लासिक्स या कंपनीनं काढलं. दोन सीडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी ज्या नाटकाला ठीकठाक म्हणत होते, ते मी ऐकलेलंच नव्हतं.

मित्रा, 'पडलेलं नाटक' हा शिक्का आपण असाच मारतो. पुरावा अर्धा, निकाल पुरा.

अर्थात नवं रेकॉर्डिंग म्हणजे चार चांगले गायक बोलावून गाणी म्हणवून घेणं नव्हे. खरी मेहनत कागदांची. प्रयोग थांबले की वादकांचे स्वरलिपीचे कागद कुठे जात कुणाला ठाऊक. मालक त्याकडे पुढची मिळकत म्हणून बघतच नव्हते. 1982 मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकसच्या एका गोदामात गर्शविन, कर्न, पोर्टर, रॉजर्स या नामवंत संगीतकारांच्या संगीताची खोकीच्या खोकी सापडली, तेव्हा कुठे काही म्युझिकल्स पुन्हा उभी करता आली. आता कुणी म्हणेल, वाद्यमेळ नव्यानं लिहून घ्या की. तिथेच माझा आक्षेप आहे. रॉबर्ट रसेल बेनेट किंवा हान्स श्पियालेक या वाद्यमेळ लिहिणाऱ्यांनी कुठल्या ओळीमागे क्लॅरिनेट ठेवलंय आणि कुठे सगळ्यांना गप्प बसवलंय, यात निम्मं नाट्य असतं. सिंथेसायझरच्या गादीवर ते मिळत नाही.

वाद्यवृंद-संचालक जॉन मॅकग्लिननं 1988 मध्ये कर्नचं 'शो बोट' असंच उभं केलं. तीन सीडी, 1927 मधला बेनेटचा वाद्यमेळ आणि तेव्हा कापलेली गाणीसुद्धा. त्यातलं 'मिझरीज कमिन अराउंड' ऐका, नाटकावरची अख्खी छाया त्या एका गाण्यात आहे. पण याच रेकॉर्डिंगमध्ये मूळ संहितेतला कृष्णवर्णीयांसाठीचा अपशब्द जसाच्या तसा ठेवायचा हट्ट धरला गेला आणि ठरलेल्या कृष्णवर्णीय कोरसनं गायला नकार दिला. मला त्यांचं पटतं. दस्तऐवज हवा तर पुस्तिकेत छापा. जिवंत माणसाच्या तोंडी तो शब्द घालायची गरज नाही. आणि हो, ऑपेराचे गळे. 'शो बोट'ला ते पेलतात, पण हीच टूम इतर म्युझिकल्सना लावली की शब्द वितळून जातात. इथे मित्राला एक गुण देते.

रेकॉर्डिंगनं नाटकाला काय मिळतं, हेही सांगते. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या गॉडर्ड लिबरसननं 1950 मध्ये 'पॅल जोई' स्टुडिओत रेकॉर्ड केलं. ते 1940 चं नाटक, 374 प्रयोगांचं. रेकॉर्ड ऐकून लोकांना त्याची आठवण झाली, 1952 मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आलं आणि 540 प्रयोग झाले. याच माणसानं 1964 मध्ये संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइमचं 'एनीवन कॅन व्हिसल' नऊ प्रयोगांत बंद पडल्यावरही रेकॉर्ड करून ठेवलं. त्याच नाटकाचं पूर्ण रेकॉर्डिंग 'जे रेकॉर्ड्स' या कंपनीनं 1997 मध्ये हाती घेतलं, बाजारात आलं 2020 मध्ये. तेवीस वर्षं. असल्या कामाला पैसा कोण देतो, हे यावरून समजावं.

आणि शेवटी 'अलेग्रो'. 'ओक्लाहोमा!'वाल्या रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीचं 1947 चं, त्यांच्या यशाच्या ऐन भरातलं अवघडलेलं मूल. सतरा वर्षांचा सॉन्डहाइम तिथे पडेल ती कामं करायला होता. मूळ अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा. पूर्ण रेकॉर्डिंग आलं 2009 मध्ये. त्यात सुरुवातीला एक बाळ पहिली पावलं टाकतं आणि कोरस गातो, एक पाऊल, मग दुसरं. मग शाळा, लग्न, डॉक्टरकी, शहर, पैसा, पोकळ पाहुणे. शेवटी तो पस्तिशीचा माणूस सगळं सोडून गावी परतायला निघतो, आणि तोच कोरस तीच ओळ पुन्हा धरतो. मित्रा, हेडफोन देते. पण पहिल्या सीडीपासून ऐकायचं, मधूनच नाही.