बिनदुधाचा सागरी महामार्ग

सहलीला गेल्यावर स्वयंपाक करायचा नसतो, या एकाच समजुतीवर मराठी गृहिणीची प्रवासाची सारी हौस उभी असते. त्या समजुतीला सुरुंग लावण्याचे काम आमच्या घरात दोघांनी वाटून घेतले. लेकीने दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मध यांच्याशी असलेले संबंध तोडले, आणि आमच्या ह्यांनी हॉटेलात राहण्याशी. गाडी आपली, तंबू आपला, शेगडी आपली, आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून हरिहरेश्वरापासून वेंगुर्ल्यापर्यंत जायचे, असा बेत ठरला. यातली ‘आपली शेगडी’ कोणाची, हे वेगळे सांगायला नकोच.

सासूबाईंना घरी एकटे ठेवणे शक्य नव्हते, आणि त्यांचीही राहायची तयारी नव्हती. म्हणून जिथे माडांच्या वाडीत तंबू ठोकायला परवानगी आहे आणि सासूबाईंपुरती एक खोलीही मिळते, अशी घरे शोधून ठेवली. निघायच्या आदल्या रात्री लेकीने आजीला वीगन आहार म्हणजे काय ते नीट समजावून सांगितले. १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ही चळवळ सुरू केली, हेही सांगितले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “माझा जन्मही त्याच सालचा. मग मी काय करू?” पुढे बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून त्याच्या गोळ्या बरोबर घ्यायच्या आहेत, असे लेक म्हणाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून एवढेच म्हटले, “म्हणजे दूध नको, पण गोळी चालते.”

सामानाची बांधाबांध मात्र फारच सोपी निघाली, आणि हे मी मुद्दाम नोंदवते, कारण वीगन स्वयंपाक अवघड असतो असे सांगणारे लोक पिठल्याचा विचारच करत नाहीत. थालिपिठाची भाजणी, कुळथाचे पीठ, बेसन, मेतकूट, दाण्याचे कूट, सुके खोबरे, आमसुले, गूळ, पोहे, मटकी आणि तांदूळ, ही आमच्या घरातून कोणत्याही प्रवासाला निघणारी शिदोरी. तिच्यातल्या एकाही डब्याला गाय-म्हशीचा स्पर्श नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि दह्यातले धपाटे तेवढे रद्द झाले. माझी पिढीजात शिदोरी लेकीच्या वीगन परीक्षेत जवळजवळ पहिल्या वर्गात पास झाली, याचा मला थोडा अभिमानही वाटला. तो माणगावच्या अलीकडच्या एका न रंगवलेल्या गतिरोधकापर्यंत टिकला. तिथे गाडी उडाली, मिसळणाचा डबा उघडला, आणि मोहरी, हळद, तिखट, हिंग व जिरे यांचे डिकीत एक नवेच मिश्रण तयार झाले. उरलेला सगळा प्रवास आमच्या प्रत्येक पदार्थाला एकच फोडणी होती.

मटकीची गोष्ट त्याहून बरी. चालत्या गाडीत कडधान्याला घरापेक्षा लवकर मोड येतात, हा शोध मला बागमांडल्याच्या जेटीवर लागला. रात्रभर भिजवलेली मटकी फडक्यात बांधून मी गाडीच्या दारावरच्या मुठीला टांगली होती. बंद गाडीतली ऊब आणि फडक्यातली ओल, एवढेच तिला हवे होते. बोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला लागेपर्यंत मोड फडक्यातून बाहेर डोकावू लागले. ही पुरचुंडी ड्रायव्हरच्या बाजूच्या मुठीला होती आणि प्रत्येक वळणावर तिच्यातले पाणी ह्यांच्या मानेवर ठिबकत होते. त्याबद्दल ह्यांनी जे उद्गार काढले, ते उसळ खाताना त्यांनी स्वतःच परत घेतले.

खरा प्रश्न स्वयंपाकाचा नव्हताच. खरा प्रश्न चहाचा होता.

रस्त्यावरच्या टपरीत पाणी, दूध, साखर आणि चहाची पूड एकाच पातेल्यात पहाटेपासून उकळत असतात. ‘बिनदुधाचा एक’ असे म्हटले की टपरीवाल्याला दुसरे पातेले शोधावे लागते, ते विसळावे लागते, आणि रांगेतले सगळे गिऱ्हाईक आपल्याकडे वळून पाहते. आपल्याकडे कोरा चहा पितात तो पोट बिघडल्यावर. त्यामुळे हरिहरेश्वर ते वेंगुर्ले या पट्ट्यात माझ्या धडधाकट लेकीच्या पोटाची चौकशी झाली नाही, असे एकही गाव उरले नाही. गुहागरला एका गृहस्थांनी ओव्याचा अर्क सुचवला, आणि मालवणच्या बाजूला एका आजींनी थेट मलाच जाब विचारला, “काय गो, चेडवाचा पोट बिघडला काय?” प्राण्यांवरील अन्यायाचा विषय अशा वेळी काढता येत नाही. लेक मान डोलवायची आणि निमूटपणे कोरा चहा संपवायची.

मग तंबूपाशी आपला आपण चहा करायचा ठरले. सोयाचे दूध आणले होते, पण त्याचे खोके एकदा फोडले की ते थंड जागी ठेवावे लागते, आणि नोव्हेंबरातही कोकणातल्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी ही थंड जागा नव्हे. दुपारपर्यंत ते आंबले. दुसरे खोके ताजे होते, तर ते कडक चहात पडताच फाटले. ओट्सचे दूध फाटत नाही, पण उकळले की ते घट्ट होते आणि चहा चमच्याने घ्यावा लागतो. तेव्हा हे म्हणाले, “आपण नारळाच्या झाडाखाली बसून दूध नाही म्हणून रडतोय!” वाक्य इतके बिनतोड होते की पुढे काय होणार, याची मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नारळाचे दूध काढायला ह्यांनी घरचा छोटा मिक्सर आणि गाडीच्या सिगारेट-लायटरच्या खाचेत बसणारा इन्व्हर्टर असा जामानिमा मला न सांगता बरोबर घेतला होता. ती खाच १२ व्होल्टची, तिचा फ्यूज १५ अँपिअरचा, म्हणजे तिच्यातून फार तर १८० वॉट वीज मिळणार. आणि मिक्सर ५०० वॉटचा. हा गुणाकार ह्यांनी अचूक करून दाखवला, पण फ्यूज उडाल्यावर. फ्यूजबरोबर मोबाइलचे चार्जिंग गेले, मोबाइलबरोबर नकाशा गेला, आणि दुसऱ्या दिवशी दाभोळची फेरी गाठायला निघालेले आम्ही रस्ता विचारत विचारत एका आमराईच्या फाटकाशी जाऊन थांबलो. चहासाठी निघालेला माणूस कुठवर जाऊ शकतो, ते मी त्या दिवशी पाहिले.

शेवटी वाडीच्या मालकीणबाईंकडून पाटा-वरवंटा मागून आणला. नारळ खोवला, वाटला, कोमट पाणी घालून फडक्यातून पिळला, आणि पहिला दाट रस भर उकळत्या चहात ओतला. नारळाचे दूध असे खळखळा उकळले की त्यातले तेल सुटते. चहावर त्या तेलाचे सोनेरी गोल तरंगू लागले आणि कप हातात घेतल्यावर चहाला फोडणी दिल्यासारखे दिसू लागले. लेक पहिला घोट घेऊन म्हणाली, “छान झालाय, आई.” मुलीला मी चांगले वळण लावले आहे, एवढेच त्यातून सिद्ध झाले. पुढे पातेले उतरवल्यावर रस घालायचा, हे कळले आणि तेल सुटायचे थांबले, पण चहाला सोलकढीच्या मावसबहिणीची चव येते ती येतेच. अखेर आले, गवती चहा आणि गूळ घातलेल्या कोऱ्या चहावर तह झाला. दूध नसल्यामुळे गुळाने तो फाटत नाही, हा त्याचा गुण मला मान्यच करावा लागेल.

हा तह सासूबाईंनी कुरकुर न करता मान्य केला, याचे मला नवल वाटत होते. मग लक्षात आले की त्या रोज सकाळी उठून मालकीणबाईंशी चार शब्द बोलायला त्यांच्या स्वयंपाकघरात जातात आणि परत येतात तेव्हा प्रसन्न असतात. मीही मग पाटा-वरवंटा परत द्यायला रोज सकाळी जाऊ लागले. तो आम्ही आणला होता एकदाच.

चहा सोडला तर आमचा दुसरा शत्रू वारा. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. समुद्रकाठी चूल मांडणाऱ्याला ते विसरून चालत नाही. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्रावरून येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून तो उलटा फिरतो. वेळणेश्वरला संध्याकाळी ह्यांनी पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला गाडी आडवी लावली, तिच्या आडोशाला शेगडी ठेवली, समोर पत्र्याची घडीची आडभिंत उभी केली, आणि आपण केवढी तटबंदी उभारली आहे ते आम्हाला दोनदा सांगितले. भात होईपर्यंत ती तटबंदी अभेद्य होती. मी पिठल्याची फोडणी घातली, पाण्याला आधण यायला लागले, आणि नेमका तेव्हा वारा पडला. दोन-चार मिनिटे काहीच हालचाल नव्हती. मग माडांच्या बाजूने एक झुळूक आली, तिच्यामागून दुसरी, आणि ज्योत पातेल्याखालून निघून आडवी होऊन माझ्या साडीच्या दिशेने बघू लागली. मतलई वारे सुटले होते. गाडी आता चुकीच्या बाजूला होती, आणि तिच्या किल्ल्या तंबूतल्या कोणाच्या तरी उशाखाली होत्या. ह्यांनी पत्रा उचलून शेगडीभोवती गोल गुंडाळायला घेतला, तोच लेक ओरडली, कारण शेगडीवर चिकटवलेल्या सूचनेत गॅसचा डबा झाकू नये, तो तापून फुटू शकतो, असे स्पष्ट लिहिले होते. मग आम्ही दोघींनी चटई धरून उभे राहायचे आणि ह्यांनी बेसन हलवायचे, अशी वाटणी झाली. त्या पिठल्याच्या गुठळ्यांबद्दल मी जबाबदारी घेणार नाही.

त्याच जेवणात तूप सापडले. मेतकूट-भात सगळ्यांच्या ताटात सारखाच वाढला होता, पण कंदिलाच्या उजेडात सासूबाईंचा भात चमकत होता. लेकीने भाताकडे पाहिले, आजीकडे पाहिले, आणि आजीच्या शेजारी ठेवलेला इसबगोलाचा डबा उघडला. आत रवाळ, घरचे, लोणकढे तूप काठोकाठ भरले होते. सासूबाई अजिबात गडबडल्या नाहीत. दूध सोडणे त्यांना समजत होते, उपासाला माणूस काय काय सोडतो. पण तूप हा काही खाण्याचा पदार्थ नाही, तो भाताला लावायचा असतो, आणि मेतकूट-भाताला तूप नसेल तर तो आजाऱ्याला देतात, ही त्यांची भूमिका होती. मला स्वतःला ती पटण्यासारखी वाटली, पण मी कोणाच्याही बाजूने बोलले नाही. लेकीने तोडगा सुचवला की ते तूप सकाळी वेळणेश्वराच्या देवळात निरांजनासाठी द्यावे. देवाचे नाव निघाल्यावर सासूबाईंना काही बोलता येईना. डबा रिकामा झाला आणि घासूनपुसून पुन्हा पिशवीत गेला.

जयगडची खाडी ओलांडून खाली मालवणकडे येईपर्यंत माझ्या शेगडीचा गॅस संपत आला होता आणि उत्साह त्याच्या आधीच. तो सोमवार होता. सोमवारी तिकडे पुष्कळ घरांत मासे शिजत नाहीत. रस्त्याकडेच्या एका घरगुती खानावळीत शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण मिळेल असे कळले, आणि मी कोणाला न विचारता गाडीतून उतरले. ताटात आले ते असे : आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचे सांबारे, ओल्या खोबऱ्यात परतलेला लाल माठ, भात, आणि वाटीभर गुलाबी सोलकढी. लेकीने सवयीने एकेका पदार्थाची चौकशी केली आणि प्रत्येक वेळी उत्तर आले, नारळ. तेल? खोबरेल. दाटपणा? नारळ. कढी दुधाळ कशाने? नारळानेच. तिने पानावरची मान वर न करता आंबोळ्या पुन्हा पुन्हा मागून घेतल्या. परगावची पोर आपले जेवण इतक्या आवडीने खाते आहे हे पाहून खानावळीच्या मावशींना भरून आले. त्या लगबगीने आत गेल्या आणि गोठ्यातली गाय नुकतीच व्यायली म्हणून घरच्यांसाठी केलेल्या खरवसाची वाटी घेऊन आल्या.

वासराच्या वाटणीचा चीक, त्यात गूळ आणि जायफळ. दुधाचा याहून पहिला हप्ता सृष्टीत नाही. “खा गो, घरचा आसा,” असे म्हणत मावशी वाटी पुढे धरून उभ्या राहिल्या. लेकीने माझ्याकडे पाहिले. मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी खिडकीबाहेर गाडी नीट लागली आहे ना ते पाहिले. तेवढ्यात सासूबाईंनी हात लांब करून ती वाटी स्वतःकडे ओढली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने मावशींना म्हणाल्या, “तिला नका देऊ हो. तिचं पोट बिघडलंय.” मग पहिला चमचा तोंडात टाकून, आणखी थोडा बांधून मिळेल का, याची त्यांनी चौकशी केली. त्यांच्यापाशी एक रिकामा डबा होता.