मोटार टाकायला चाललोय, येतो का?

परवा रविवारी सकाळी साडेसातलाच फोन. "उठला का लका? परंड्याकडं एका विहिरीत मोटार टाकायचीय, येतो का?"

मी दोन दिवस गावाकडं आलेलो. आईला बार्शीत डॉक्टरला दाखवायचं होतं, ते शनिवारीच उरकलं, मग रविवार मोकळाच. म्हणलं येतो. बायकोला पुण्यात फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, परंड्यात काय आहे बघायला? आता ह्याला काय उत्तर देणार. म्हणलं मोटार आहे.

मित्राचं नाव टाकत नाही, टाकलं तर लोक टॅग करतात आणि त्याच्या घरी कळतं की रविवारी दुकान बंद ठेवून हा कुठं हिंडत होता. बार्शीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं एवढं पुरे. आम्ही एकाच गावचे, पहिलीपासून एका तरटावर बसलेले.

तर तीन एचपीची ओपनवेल, म्हणजे विहिरीत बुडवायची मोटार, जळालेली, नवीन वायंडिंग करून तयार. वार्निशचा वास अजून मारत होता. ती पोत्यात घातली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं स्प्लेंडरच्या सीटवर आवळली, पुढं तो, मधी मोटार, आणि मी मागं कॅरिअरच्या लोखंडावर अर्धा बूड टेकून. म्हणजे ट्रिपल सीटच की. खड्डा आला की मोटार माझ्या पोटात आणि मी हवेत. पंचेचाळीशीत हे असले धंदे करताना कुणी ओळखीचं बघू नये एवढंच वाटत होतं, तरी दोघं भेटलेच वाटेत.

मला काय म्हणायचंय ते इथंच सांगतो, नाहीतर पोस्ट भरकटते माझी. आम्ही लहानपणापासून जेवढे फिरलो ना तेवढं सगळं कशाच्या तरी निमित्तानं फिरलो. नुसतं 'फिरायला' म्हणून आमच्याकडं कुणी घराबाहेर पडलंच नाही. फाळ शेवटायचाय, बी आणायचंय, म्हशीला रेड्याकडं न्यायचंय, आजीचे दात काढायचेत, पाव्हण्यात मयत झालीय. काम अर्ध्या तासाचं आणि हिंडणं दिवसभराचं. काम हे तिकीट होतं, दुसरं काय. आणि आता माझ्यासारखे शहरात गेलेले लोक तिकीट काढून जातात आणि मग विचारतात, आता करायचं काय?

आमची पहिली ट्रिप सांगतो. पाचवी-सहावीत असू, म्हणजे ९१-९२ साल. गावात एसटीची मुक्कामी गाडी यायची. संध्याकाळी आठच्या सुमाराला धुरळा उडवत यायची, मारुतीच्या देवळापुढं थांबायची, आणि सकाळी सहाला बार्शीला परत. ड्रायव्हर कंडक्टर देवळातच झोपायचे. कुणाच्या ना कुणाच्या घरनं भाकरी-कालवण यायचं त्यांना, ते कुणी ठरवून दिलेलं नव्हतं पण चुकायचंही नाही. कंडक्टर कंदिलाच्या उजेडात तिकिटाची ती पत्र्याची पेटी उघडून बसायचा, लाल हिरव्या पिवळ्या तिकिटांच्या गड्ड्या, अन चिल्लर मोजताना ओठ हलायचे त्याचे, आम्ही मध्येच काही बोललो की परत पहिल्यापासून मोजायचा आणि शिव्या घालायचा. तरी आम्ही तिथंच.

तर सकाळी साडेपाचला मी आणि हा जायचो, बादलीभर पाणी मारून गाडीची पुढची काच पुसून द्यायचो. त्याचं बक्षीस म्हणजे फाट्यापर्यंत फुकट. फाटा दोन-अडीच किलोमीटर. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनच्या त्या गरम बॉनेटवर बसायचं, थंडीत त्याच्यासारखी जागा नाही जगात, बूड भाजायचं पण उठायचो नाही. फाट्यावर उतरवून गाडी बार्शीला निघून जायची आणि आम्ही चालत परत गावात. ही ट्रिप. जाताना दहा मिनिटं, येताना दीड तास. कारण येताना बोरी होत्या, कुणाचा तरी हरभरा होता, ओढ्यात खेकडे होते. शाळेत उशिरा पोचलो की गुरुजी विचारायचे कुठं गेला होता, आणि हा गंभीर तोंड करून सांगायचा, "गाडी घालवायला."

असो. परंड्याचा रस्ता.

आमची आजी होती तोवर परंडा भूम हा सगळा भाग तिच्यासाठी 'मोगलाई'. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि थोडं पुढं सरकलं की हैदराबादच्या निजामाची हद्द. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं तरी आजीच्या बोलण्यातली मोगलाई काय गेली नाही. "पोरगी मोगलाईत दिलीय" असं म्हणायची, म्हणजे परदेशात दिल्यासारखं, आणि ते गाव निघायचं पंधरा किलोमीटरवर. आता जिल्ह्याची पाटी लागते फक्त, सोलापूर संपलं धाराशिव चालू. रस्ता दोन्हीकडं सारखाच वाईट आहे, ह्या बाबतीत पूर्ण एकी.

वाटेत बार्शी लाईटचा विषय निघाला. नव्या पोरांना माहीत नसेल, अडीच फुटी रुळावरची रेल्वे होती आमची, १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आणली. ह्याच माणसानं पुढं जाऊन विमानातनं उडी मारायचं पॅराशूट बनवलं. मित्र म्हणला, "बार्शी लाईटमधनं उतरायला पॅराशूट लागत नव्हतं लका, चालत्या गाडीतनं उतरून लघवी करून परत चढायचे लोक." हा जोक प्रत्येक बार्शीकरानं निदान शंभरदा सांगितलेला असतो, तरी हसलो. आम्ही रुळावर अल्युमिनियमचं दहा पैशाचं नाणं ठेवून चपटं करायचो, त्या लाटांसारख्या कडा पार सपाट व्हायच्या. २००८ पर्यंत आमच्या बार्शीकडची लाईन ब्रॉडगेज झाली. चांगलंच झालं, उगाच रडत नाही, मुंबईला जायला सोय झाली. पण ते चपटं नाणं माझ्याकडं अजून आहे कुठंतरी.

मळ्यात पोचलो साडेदहाला. मालक विहिरीवरच उभे. "या की पाव्हणं, वाटंकडंच डोळं लावून बसलोय, गहू वाळायला लागलाय." मोटार उतरवली, दोर लावून विहिरीत सोडली, वायरी जोडल्या. आणि मग कळलं की लाईट साडेबाराला येणार. शेतीच्या थ्री फेजचं कसं असतं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तेही ठराविक तासच. मोटार चालू करून बघितल्याशिवाय तर जाता येत नाही. मग काय करायचं दोन तास?

मालकांनी पोराला हाक मारली. त्यानं जोंधळ्यात शिरून कवळी कणसं मोडून आणली, बांधाशेजारी आगटी पेटलेलीच होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, फिरवत राहायची, दाण्याचा हिरवा रंग जरा मंद झाला की बाहेर. कारभारीणबाईंनी गरम गरम कणीस तळहातावर चोळायला घेतलं. मी पण हौसेनं घेतलं आणि दुसऱ्या सेकंदाला टाकून दिलं, एवढं भाजलं. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं उचललं, चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हुरडा माझ्या पुढ्यात. सोबत शेंगाची चटणी, गूळ, गाडग्यातलं दही. बस्स.

आता दोन वर्षांमागची गोष्ट ऐका. पुण्याजवळ एका ठिकाणी आम्ही हुरडा पार्टीला गेलो होतो, माणशी साडेआठशे. बैलगाडीत बसायला रांग, फेटा बांधायचे वेगळे पैसे, डीजेवर लावणी, आणि हुरडा स्टीलच्या बाउलमध्ये, आधीच भाजून थंड झालेला, मोजून एकदाच. मुलांना मजा आली, खोटं कशाला बोलू. आणि जे शेतकरी हे चालवतात त्यांच्यावर माझा राग नाही, ज्वारीला भाव मिळत नाही तर साडेआठशे कमावले तर बिघडलं कुठं? मला खटकलं ते वेगळंच. तिथं सगळ्यांना माहीत होतं की आपण मजा करायला आलोय, आणि तासातासाला चेक करत होते की येतेय का. इथं आम्ही आलो होतो मोटारीला. हुरडा मधल्या वेळात घडला.

साडेबाराची लाईट एकला आली. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, मोटार घुमली, पाईप थरथरला, पण पाणी आलं ते म्हाताऱ्याच्या लघवीसारखं. मालकांचं तोंड उतरलं. मित्र मात्र मान तिरकी करून नुसता आवाज ऐकत होता. "उलटी फिरतीय," म्हणला. स्टार्टरमधल्या दोन वायरी अदलाबदल केल्या, परत बटण, आणि हे पाणी! पाटात पहिलं पाणी पळायला लागलं की कोरडी माती चर्र आवाज करत ते पिते, पुढं पाण्यावर काड्या आणि मुंग्या. ते बघत आम्ही तिघं जण पाच-दहा मिनिटं उभे राहिलो असू, कुणी काही बोललं नाही. व्हिडिओ काढायचा राहिला.

मग परतीला किल्ला. भुईकोट आहे परंड्याचा, भोवती खंदक, आत झाडी वाढलेली. १६०० साली मोगलांनी नगर घेतल्यावर तिथल्या निजामशाहीची राजधानी काही काळ इथं होती, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही, शाळेतनं आणलं होतं तेव्हा आम्ही वटवाघळं मोजली होती. विजापूरची ती प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ आधी इथंच होती. १६३२ ला इथनं विजापूरला नेली, ओढायला ४०० बैल आणि १० हत्ती लागले असं सांगतात. बुरुजावर अजून तोफा पडून आहेत, त्यातल्या एकीला टेकून आम्ही बसलो. मित्र कंबर चोळत म्हणला, "चारशे बैल. आन आपण दोन बैल एका तीन एचपीला टेकीला आलो."

तिथं बसून काय बोललो? त्याच्या पोरीचं बारावीचं, माझ्या घराचे हप्ते, कोण गेलं, कुणाची जमीन विकली. सांगण्यासारखं काही नाही. पण पुण्यात माझ्याकडं असं बसायला माणूस नाही एवढं खरं. तिथं भेटायचं म्हणजे आधी कॅलेंडर बघावं लागतं.

घरी आलो तर आईनं विचारलं, कुठं होता दिवसभर. सगळं सांगितलं, हुरडा, पाणी, तोफ. ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "तुमचं बरं हाय, गडीमाणसांचं. कामाचं नाव सांगितलं की सुटलं."

हे खरं आहे आणि वर एवढं लांबलचक लिहिताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मुक्कामी गाडीची काच पुसायला माझी बहीण कधी आली नाही, ती त्या वेळेला पाणी भरत असायची. परवाच्या हुरड्यात पण कणसं चोळणाऱ्या बाईंचे हात मला आठवतात, त्या आमच्यासोबत बसून खाल्ल्या का ते आठवत नाही. आईचं काम घरातच, त्यामुळं तिला बाहेरचं निमित्तच नाही मिळालं. एकच होतं, चैत्रात येरमाळ्याच्या येडाई देवीची यात्रा. बैलगाडीतनं जायचं, चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचायचे, पालखीवर टाकायचे, रात्र तिथंच काढायची. देवीचं काम म्हणून कुणी नाही म्हणत नव्हतं. त्या यात्रेच्या गोष्टी ती अजून सांगते, कुणाच्या गाडीचं चाक निखळलं, कुणाची सासू हरवली आणि कुणी फार शोधली नाही. सांगताना एवढी हसते की खोकला येतो. वडील गेल्यापासून गेलेली नाही.

रात्री मित्राला फोन केला. म्हणलं येरमाळ्याकडं कुणाची मोटार जळाली नाही का? तो म्हणला, "जळाली नसली तर जाळू. पुढच्या रविवारी छोटा हत्ती टेम्पो सांगतो कुणाचा तरी. मावशीला पुढं बसवू, तू बस मागं मोटारीपशी."