बोनस दिला म्हणून वस्तू महाग होत नाही: कुपवाडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर डोक्यात घोळत राहिली. विक्रमी नफ्याच्या वर्षी टेक कंपन्यांनी इंजिनियरांनाही हिस्सा द्यावा, असं मांडणाऱ्या 'नफा वाढला, बोनस घटला' या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून थोडक्यात इथे मांडते. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत तुमचं तीस वर्षांचं मशीन शॉप आहे. माणसांचे पगार वाढवले की पार्टचा रेट वाढवून मागावा लागतो, माल घेणारी पार्टी देत नाही, आणि शंभरात जे सहा-सात रुपये उरतात त्यातूनच ते जातं. म्हणून कंपन्यांनी इंजिनियरांना बोनस वाटला तर तो शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसणार, आणि पगार तर बाजारच ठरवतो, असं तुमचं म्हणणं. "लाखाच्या पुढे पगार घेऊन रडणाऱ्यांनी आधी आमच्या टर्नरचं पाकीट बघावं," हे तुमचंच वाक्य. शेवटी नातवाचा विषय: तो वालचंद इंजिनियरिंग कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे आणि असले लेख वाचून त्याचं डोकं फिरेल.

टर्नरच्या, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याच्या, पाकिटाकडे मी येणार आहे, टाळणार नाही. आधी गिऱ्हाइकाच्या माथ्याचं बघू.

तुमच्या शॉपपुरता तुमचा हिशोब पक्का आहे. स्टील, टूलिंग, वीज, मजुरी, सगळं मांडून वर थोडं ठेवायचं आणि रेट द्यायचा. एक आकडा हलला की रेट हलतो. पण ज्या कंपन्यांबद्दल मी लिहिलं होतं त्यांची किंमत अशी खालून वर रचत जात नाही. एआयच्या चिप विकणाऱ्या एनव्हिडियाचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात तिची विक्री सुमारे १३०.५ अब्ज डॉलर होती आणि निव्वळ नफा ७२.९ अब्ज. म्हणजे शंभर डॉलरच्या विक्रीत जवळजवळ ५६ डॉलर नफा. इंजिनियरांचे पगार ज्यात येतात तो संशोधनावरचा सगळा खर्च मिळून शंभरात दहा डॉलरच्या आसपास. हा अख्खा खर्च उद्या वीस टक्क्यांनी वाढला तरी शंभरात दोन डॉलर जातात. ५६ चे ५४ होतील. चिपची किंमत वाढवायची वेळ त्यामुळे येत नाही. आणि ते दोन डॉलर वाचवले म्हणून चिप स्वस्तही होत नाही.

हे मी ताळेबंद वाचून शिकले नाही. पुण्यात ज्या सॉफ्टवेअर कंपनीत होते तिथे आमच्या प्रॉडक्टची किंमत वाढली तेव्हा तो बदल माझ्याच हातून गेला. आधीच्या आठवड्यात दीड तासाची मीटिंग झाली होती. पडद्यावर एक आलेख होता: किंमत इतकी केली तर किती गिऱ्हाइकं सोडून जातील. नवीन आलेल्यांपैकी थोड्यांना तीन आठवडे वाढीव किंमत दाखवून बघितली होती. फारसं कुणी परत फिरलं नव्हतं. दीड तासात आमच्या पगारांचा, सर्व्हरच्या भाड्याचा, कशाचाही खर्च कुणी काढला नाही. मग गुरुवारी संध्याकाळी मी एका फाइलमध्ये १२ च्या जागी १५ लिहिलं. माणशी दरमहा १२ डॉलरचे १५. त्याच फाइलमध्ये दोन ओळी खाली भारताची किंमत होती, ४ डॉलर. ती तशीच ठेवायची होती, कारण इथे त्याहून जास्त कुणी दिले नसते. काका, तोच कोड, तेच सर्व्हर, रात्री फोन वाजला की उठणारी तीच आम्ही माणसं. एकाला ४ आणि एकाला १५. यातला कुठला आकडा माझ्या पगारावरून ठरला होता?

त्या वर्षी कंपनीने विक्रमी नफा जाहीर केला आणि एप्रिलमध्ये आम्हाला पत्र आलं की व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा दरवर्षी बदलणारा बोनसचा भाग, ६० टक्केच मिळेल. कारणाच्या जागी एकच ओळ होती, 'बाजारातील परिस्थिती लक्षात घेऊन'. माझ्या शेजारच्या मुलाने घराचा हप्ता शंभर टक्के धरून बसवला होता. तो त्या दिवशी जेवायला उठलाच नाही. मूळ लेख मी त्या रागातून लिहिला होता आणि तो राग मला आजही रास्त वाटतो. आमचे चाळीस टक्के कापले म्हणून १५ चे १४ झाले नाहीत.

सगळ्यांना दिसलेलं उदाहरण हवं असेल तर नेटफ्लिक्स बघा. डिसेंबर २०२१ मध्ये तिने भारतात दर उतरवले. ४९९ रुपयांचा बेसिक प्लॅन १९९ वर आला, मोबाइलचा १९९ वरून १४९ वर. महिनाभरात, जानेवारी २०२२ मध्ये, अमेरिकेत स्टँडर्ड प्लॅन १३.९९ डॉलरवरून १५.४९ वर नेला. एका महिन्याच्या अंतराने एकीकडे दर खाली आणि एकीकडे वर. इंजिनियर तर तेच होते. इथे स्पर्धा होती आणि खिसा लहान, तिथे लोक देत होते.

आता उलट बाजूने येते. पगार बाजार ठरवतो, असं तुम्ही लिहिलंय. बाजार मोकळा असेल तर मला मान्य आहे. पण ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी अशा कंपन्यांनी 'तुमच्या माणसांना आम्ही आपण होऊन फोन करणार नाही, आमच्यांना तुम्ही करू नका' असं आपसात ठरवून ठेवलं होतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ते उघड केलं. पुढे सुमारे ६४ हजार कर्मचाऱ्यांच्या वतीने खटला चालला आणि २०१५ मध्ये या चौघींनी ४१.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. हे सगळं चालू असतानाही त्या भरघोस नफ्यात होत्या. माणूस दुसरीकडे जाऊ शकला तर त्याला काय मिळेल, त्यावर पगार ठरतो. ती वाट बुजवली की पगार जागच्या जागी राहतो आणि फरक भागधारकाकडे जातो. गिऱ्हाइकाकडे येत नाही.

एका ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं लागू पडतं आणि मूळ लेखात मी ते वेगळं काढायला हवं होतं. आपल्याकडच्या मोठ्या आयटी सेवा कंपन्या माणसांचे तास विकतात. ते तुमच्या जॉबवर्कसारखंच आहे. तिथे निम्म्याहून जास्त कमाई पगारात जाते, त्यामुळे पगार वाढले तर मार्जिनला खरंच लागतं. तरीही टीसीएसने २०२४-२५ मध्ये ४८ हजार कोटींच्या वर नफा कमावला, आणि या कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षांपूर्वी सव्वातीन लाखांच्या आसपास होतं ते आज साडेतीनच्या आसपास आहे. त्यात सांगलीत विश्रामबागेतली खोली आणि मेस भागेल, पुण्यात हिंजवडीजवळ भागत नाही.

आता टर्नर. तुम्ही तुमच्या माणसांना दिवाळीला ८.३३ टक्के देता, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ एक महिना. १९६५ च्या बोनस कायद्यातून आलेला हा आकडा. नफा असो वा तोटा, एवढं किमान द्यायचंच, आणि वर कमाल २० टक्के. पण २०१५ च्या दुरुस्तीनंतरही त्या कायद्याने महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांनाच धरलं. म्हणजे तुमच्या टर्नरच्या पाकिटाला कायद्याचा टेकू होता, आमच्या व्हेरिएबलला नव्हता. हे मी त्याच्या पाकिटाची बरोबरी करायला सांगत नाही. त्याचं पाकीट आमच्यापेक्षा फार लहान आहे आणि आठ तास उभं राहून कमावलेलं आहे. तुमच्या बोलण्यातलं मला खरं लागलेलं वेगळंच आहे. आमच्याच इमारतीत सकाळी सातला फरशी पुसणाऱ्या मावशी आणि रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले कंत्राटदाराचे होते. विक्रमी नफ्याच्या वर्षी त्यांना मिठाईचा एक पुडा मिळाला. मी इंजिनियरांच्या हिश्श्याबद्दल दोन हजार शब्द लिहिले आणि त्यांच्याबद्दल एकही लिहिला नाही. हे माझं चुकलं. लेखात तो भाग आज जोडते आहे.

पण त्यांना मिळालं नाही म्हणून आम्हीही मागू नये, हे मला पटत नाही. आपण सांगली जिल्ह्यातली माणसं आहोत, काका. कारखान्याने उसाला दर द्यावा म्हणून रस्त्यावर बसलेला शेतकरी आपण लहानपणापासून बघतोय. त्याला कुणी हावरट म्हणत नाही. त्या भांडणातूनच राज्यात २०१३ चा कायदा आला आणि महसुलाच्या वाटणीचं ७०:३० चं सूत्र कागदावर आलं: साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले सत्तर टक्के उसाचे. अंमलबजावणीवर वाद आहेत, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण हिशोब मागायला आता हातात एक आकडा आहे.

मला बोनसमध्ये तेवढंच हवंय, आधी लिहून ठेवलेलं सूत्र. दक्षिण कोरियात हे झालंय. एसके हायनिक्स ही मेमरी चिप बनवणारी कंपनी. २०२३ मध्ये चिपचे भाव कोसळले आणि तिला ७.७ लाख कोटी वॉनचा कार्यकारी तोटा झाला, म्हणजे व्याज आणि कर धरण्याआधीचा. २०२४ मध्ये एआयमुळे मागणी उसळली आणि २३ लाख कोटी वॉनच्या वर कार्यकारी नफा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये युनियनशी करार झाला की कार्यकारी नफ्याचे दहा टक्के बोनसचे, आणि मूळ पगाराच्या हजार टक्क्यांची जी कमाल मर्यादा होती ती काढली. नफा नाही तर वाटणी नाही, हेही त्यातच आलं. वाईट वर्षी कमी घ्यायला आमची ना नाही. चांगल्या वर्षी 'बाजारातील परिस्थिती' ऐकायला मात्र तयारी नाही.

नातवाबद्दल. त्याचं डोकं फिरवायची माझी इच्छा नाही, पण त्याला चार गोष्टी आधी कळाव्यात ही इच्छा आहे. कॅम्पसमध्ये ऑफर आली की सीटीसीचा, म्हणजे वर्षाच्या एकूण पॅकेजचा, मोठा आकडा बाजूला ठेवायला सांगा. त्यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती ते बघू दे. मग एचआरला एकच प्रश्न विचारू दे: गेल्या तीन वर्षांत व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं? उत्तर आलं नाही तर व्हेरिएबल शून्य धरून घरभाड्याचा हिशोब मांडायचा. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत भरावा लागतो, ती ओळ ऑफर लेटरच्या मागच्या पानांत असते. ती वाचल्याशिवाय सही करू नये. हवं तर पत्र घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. मी शनिवार-रविवार विश्रामबागेत घरीच असते, आपण तिघं बसून वाचू.