मोटर कोणी चालू ठेवली?

रात्री दोन वाजता 'टर्रर्र' असा आवाज झाला. तीन सेकंद. मग चिडीचूप. मी अंधारात डोळे उघडून पडून राहिलो. वीस मिनिटांनी पुन्हा 'टर्रर्र'. खालच्या पलंगावरून आईचा आवाज आला, "अरे, मोटर कोणी चालू ठेवली?"

मोटर कोणीच चालू ठेवली नव्हती. आणि आम्ही सोलापुरातही नव्हतो. अमेरिकेत, मिशिगनच्या पार उत्तरेला, टक्वामेनन धबधब्याजवळच्या कॅम्पग्राउंडवर १९९२ सालच्या मोटरहोममध्ये झोपलो होतो. मोटरहोम म्हणजे ट्रकच्या चासीवर बांधलेलं वन बीएचके. फरक एवढाच, की हे वन बीएचके ताशी नव्वदच्या वेगाने खड्ड्यातून जातं आणि तरी आपण त्याच्या नळांनी गळू नये अशी अपेक्षा करतो. घरात तिचं नाव 'म्हातारी' पडलंय. आई आली की हे नाव जरा जपून घ्यावं लागतं. एकदा मी फोनवर मित्राला "म्हातारी आज सकाळपासून कुरकुरतेय" असं म्हणालो आणि दोन दिवस माझ्या ताटात लोणचं आलं नाही.

तर तो आवाज पाण्याच्या पंपाचा. बारा व्होल्टचा, नारळाएवढा पंप. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो, ते पंपाला कळतं आणि तो सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो, तो गप्प बसतो. म्हणजे कोणीही नळ न उघडता तो वाजत असेल तर कुठूनतरी पाणी निसटतंय. वीस मिनिटांनी तीन सेकंद, म्हणजे धार नव्हे, थेंब थेंब. धार बरी, ती दिसते तरी.

पाण्याच्या बाबतीत मी स्वतःला पदवीधर समजत होतो. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या गल्लीत पाणी तीन-चार दिवसांआड. पाणी आलं की आधी पिंप, मग हंडे, कळश्या, तपेली, शेवटी लोटे आणि वाट्यासुद्धा भरायच्या. डायरेक्टचा नळ प्यायला, टाकीचा नळ वापरायला. शेजाऱ्याने लाइनला टुल्लू लावला की आपल्या नळाचा आवाज कसा बदलतो, हे मला पहिलीत कळत होतं. म्हणून म्हातारी विकत घेताना मी पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारला. विकणारे आजोबा म्हणाले, पाणी उत्तम चालतं. खोटं बोलले नाहीत बिचारे. पाणी गाडीभर चालत होतं.

म्हातारीची टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर, मागच्या पलंगाखाली. तिच्यात पाणी किती आहे हे सांगायला भिंतीवर चार दिवे. आमच्या टाकीत, भरलेली असो की कोरडी, तिसरा दिवा लागलेला असतो. आईने पहिल्या दिवशी ते दिवे पाहिले, पलंगाची फळी वर केली, गॅसचा सिलिंडर वाजवून बघावा तशी टाकी बोटाच्या पेराने वरून खाली टकटक केली आणि म्हणाली, "निम्म्याच्या खाली आहे. आणि शिळं आहे." शिळ्या पाण्याचं तिला वावडं. कालचं पाणी सकाळी झाडांना, मग नवीन भरायचं. दीडशे लिटर रोज ओतून कसं चालेल, असा वाद मी घातला. पुराव्यासाठी म्हातारीचं मॅन्युअल काढलं, तर त्यातही टाकीत पाणी साचवून ठेवू नका, असंच लिहिलेलं. मी मॅन्युअल मिटून ठेवून दिलं.

टाकी दर वसंतात निर्जंतुक करावी लागते. पंधरा गॅलनला पाव कप ब्लीच, म्हणजे चाळीस गॅलनला दोन तृतीयांश कप. ते टाकीत ओतायचं, एकेक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडायचा, बारा तास तसंच ठेवायचं, मग सगळं ओतून पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं, वास जाईपर्यंत. "ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते तसंच की," आई म्हणाली. त्या बारा तासांत म्हातारीत अगदी सोलापूरच्या नळाला सकाळी पाणी आल्यासारखा वास येतो. मी थोडा वेळ आत जाऊन बसतो. हिला वाटतं मी वॉशर तपासतोय.

गरम पाण्याचं प्रकरण मात्र नाजूक होतं. पहिल्या वर्षी आई आंघोळीला गेली आणि नळ सोडताच टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "या घरात अंडं कोणी आणलं?" नजर अर्थातच सुनेकडे. सुनेने माझ्याकडे पाहिलं. अंडं कोणीच आणलं नव्हतं. हीटरची टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या वाटणीची झीज ती सोसते. साचलेल्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू असले की या कांडीच्या संगतीने हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि त्याचा वास थेट सडक्या अंड्याचा. कांडी काढायला एक पूर्णांक एक सोळांश इंचाचा पाना लागतो. हे माप जगात दुसऱ्या कुठल्या कामाला येत असेल तर मला कळवा. बाहेर आली ती कांडी नव्हती, रसवंतीच्या चरकातून चारदा फिरलेलं चिपाड होतं. टाकी धुऊन ॲल्युमिनियम-जस्ताची नवी कांडी बसवली, वास गेला. आईला जिवाणूंचं सगळं पटलं. अंडं नव्हतं, हे अजून पटलेलं नाही.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा मोठेपणा नाही. मिशिगनच्या थंडीत पाइपातलं पाणी गोठलं की फुगतं आणि पाइप फाटतो. म्हणून ऑक्टोबरात सगळं पाणी काढून पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं. बिनविषारी असतं. मी सगळे नळ गुलाबी होईपर्यंत सोडले. बाहेरच्या बाजूला, झाकणामागे, पाय धुवायचा एक शॉवर आहे, तो राहिला. एप्रिलमध्ये पाणी जोडलं तेव्हा आत बेसिनला रंगपंचमी होती आणि बाहेर भिंतीतून कारंजं.

परत त्या रात्रीकडे. त्या दिवशी दुपारी आम्ही धबधबा पाहून आलो होतो. टक्वामेननचं पाणी तपकिरी आहे, कोऱ्या चहासारखं. वरच्या सीडरच्या दलदलीतलं टॅनिन उतरतं त्यात. लोक फोटो काढत होते. आई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पाणी! पण तुरटी फिरवायला पाहिजे होती." तिथून पुढे गेलं की लेक सुपीरियर. पृथ्वीच्या पाठीवरच्या गोड्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा एकट्या त्या तळ्यात आहे. आणि त्याच्या शेजारी मी मध्यरात्री पोटावर पडून, तोंडात टॉर्च धरून, एका थेंबाला शोधत होतो.

पाइपाच्या प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळायचा. जो ओला होईल तो चोर. ही युक्ती चांगली आहे. फक्त म्हातारीचे निम्मे सांधे माझ्या हाताला लागत नाहीत. ते कपाटाच्या मागे, जमिनीच्या खाली, जिथे मनगट शिरतं पण परत येत नाही, अशा जागी आहेत. तीनपर्यंत मी अकरा सांधे गुंडाळले. सगळे कोरडे. पंप आपला वाजतोय.

"सरक," आई म्हणाली. तिच्या हातात रांगोळीचा डबा होता. म्हातारीच्या पायरीसमोर ती रोज सकाळी चार रेघा ओढते. शेजारच्या कॅम्पमधले लोक त्या ओलांडायला घाबरतात. तिने बेसिनखालचा आणि सोफ्यामागचा कप्पा उघडला, चिमटी सैल सोडत जमिनीवर पांढरी रांगोळी पसरली, पीठ चाळल्यासारखी, एकसारखी. म्हणाली, "आता झोप. थेंब आहे, कुठेतरी पडेलच की."

सकाळी फळी काढली. पांढऱ्याशुभ्र रांगोळीत सोफ्यामागे एक खड्डा होता, शर्टच्या बटणाएवढा, कडा उभ्या. बरोबर वर राखाडी पाइपाचा टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा. त्याला केसाएवढी चीर, आणि चिरेच्या टोकाला लोंबणारा पुढचा थेंब.

हे राखाडी पाइप पॉलिब्युटिलीनचे. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात घरांत, मोटरहोमांत भराभर घातले गेले आणि मग बंद झाले, कारण पाण्यातल्या क्लोरीनने ते आणि त्यांचे सांधे आतून ठिसूळ होत जातात. म्हणजे दर वसंतात मी भक्तिभावाने ब्लीच ओतून काय करत आलो होतो, हे मला सोफ्यामागे उकिडवं बसल्यावर कळलं. हिला मी ते अजून सांगितलेलं नाही.

जवळच्या गावाचं नाव पॅराडाइज. स्वर्ग दाराशी होता, पण हवा तो सांधा शोधायला निघालो उलट्या दिशेला, न्यूबेरीला. आणि मोटरहोमवाल्याला दुकानात एकट्याला जाता येत नाही. दोन डॉलरचा टी आणायला अख्खं घर न्यावं लागतं: विजेची तार काढा, कपाटांना कड्या लावा, आईची पूजा डब्यात ठेवा, कुकर मांडीवर धरा. जुन्या राखाडीला पेक्सशी, म्हणजे नव्या जातीच्या प्लास्टिक पाइपाशी, जोडणारा खास सांधा घेतला, दोन जास्तीचे घेतले. परत आलो, चीर गेलेला टी कापला, नवा बसवला. तो बसवताना शेजारच्या कोपराला, म्हणजे पाइप वळवणाऱ्या सांध्याला, हात लागला. एकत्र कुटुंबात एकाची समजूत काढताना दुसरा रुसावा तसा तो कोपर माझ्या हातातच आला. तोही बदलला. तिसरा मी लांबूनच पाहिला.

तोवर पाणी बंद, म्हणून चिरंजीव कॅम्पच्या नळावरून बादल्या आणत होते. दर बादलीला 'आजी, आता पुरे ना?' आजी म्हणे, "तपेलं राहिलंय."

संध्याकाळी पंप सुरू केला. तो दाब चढवून गप्प बसला. आम्ही चौघं श्वास रोखून ऐकत होतो. वीस मिनिटं झाली, शांतता. पंचवीस झाली. हिने माझ्या पाठीवर हात ठेवला. चाळिसाव्या मिनिटाला 'टर्रर्र'.

आईने न बोलता डबा काढला.

सकाळी नव्या टीखालची रांगोळी जशीच्या तशी होती. दोन बोटं डावीकडे, मी लांबूनच पाहिलेल्या सांध्याखाली, नवा खड्डा पडला होता. मी हत्यारांची पेटी घेऊन येईपर्यंत आईने त्याच्याभोवती पाच पाकळ्या काढून हळदकुंकू टाकलं होतं.