टॉर्कवर थांबू नका

दाताचं इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) बसवताना ३५ न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे पिळताना लागणारा जोर, मिळाला की काळजी मिटली, असा एका लेखाचा सूर आहे. पटलं नाही. टॉर्क कळतो तो बसवतानाच. नंतर पुन्हा पिळून बघायची सोय नाही. आणि खरी गोम पुढेच आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनं हाड झिजतं, नवं पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे पकड थोडी उतरते. तिथे आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांट किती पक्कं आहे ते सांगणारा आकडा, कामाला येतो. इम्प्लांटवर चुंबक असलेला छोटासा पेग हलक्या हाताने फिरवून बसवतात, मोजणी यंत्राचा प्रोब जवळ धरला की कंपनांवरून १ ते १०० मधला आकडा येतो. गालाच्या बाजूने आणि शेजारच्या दाताच्या बाजूने, दोन्हीकडून मोजायला सांगा. फरक पडू शकतो. सत्तरच्या वर म्हणजे उत्तम, पण आकडा चढतोय की उतरतोय हे जास्त महत्त्वाचं. (फाइलवर तो लिहून द्यायला मात्र मागेच लागावं लागतं!) वरच्या जबड्यात मागे हाड मऊ असतं, तिथे तर मोजल्याशिवाय कॅप (वरचा कृत्रिम दात) बसवायची घाई नकोच.