आग लागो न लागो, फॉर्म बी लागतो

सोसायटीच्या कमिटीवर निवडून आल्याबद्दल आधी अभिनंदन. निवडून म्हणजे काय, एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, मध्यात तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि परत येईपर्यंत तुमचं नाव सुचवून, अनुमोदन देऊन, टाळ्याही वाजवून झाल्या होत्या. सगळ्यांचं असंच होतं. मी गेली ११ वर्षं सेक्रेटरी आहे. मी तर नुसता चप्पल शोधायला उठलो होतो.

आता खाती वाटली जातील. पार्किंग, पाण्याची टाकी आणि गणपती ही मानाची खाती जुन्या मंडळींनी आधीच धरून ठेवलेली असणार. तुमच्या वाट्याला 'फायर' येईल. घाबरू नका, या खात्याचा आगीशी फारसा संबंध नाही. याचा संबंध आहे तो जानेवारी आणि जुलैशी. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ सालचा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं लागतं. तोच फॉर्म बी. जानेवारीत हळदीकुंकू, जुलैत गळती आणि दोन्ही महिन्यांत फॉर्म बी, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवलंत की तुमचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे आग विझवायचे ते लाल सिलिंडर.

खरेदीपासून सुरुवात करू. तीन कोटेशनं मागवायची आणि सगळ्यांत स्वस्त घ्यायचं, हा नियम लिफ्टच्या दोरापासून सत्यनारायणाच्या गुरुजींपर्यंत आपण पाळत आलो आहोत, तोच इथेही पाळा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात गेलात तर एखादा दुकानदार विचारेल, "आग कसली?" या आगाऊपणाला भुलू नका. तो सांगत बसेल की लाकूड, कागद, कापड पेटलं तर तो ए वर्ग. पेट्रोल, थिनर, रंग पेटला तर बी. गॅस असेल तर सी. मीटर रूमला कार्बन डायऑक्साइड बरा, कारण तो वीज वाहून नेत नाही आणि मागे कचराही ठेवत नाही. गाद्या-कागद पेटले तर मात्र त्याचा उपयोग कमी. वरचा जाळ विझतो, आतले निखारे तसेच राहतात आणि तुम्ही पाठ वळवली की पुन्हा पेटतात. हे सगळं ऐकून घ्या, मान डोलवा आणि आयएसआयचा शिक्का, १५६८३ हा मानकाचा क्रमांक वगैरे न बघता सगळीकडे एकाच जातीचे घ्या. एका रांगेत चांगले दिसतात.

रांगेवरून आठवलं. सिलिंडर सगळे लाल असले तरी आत काय आहे ते कळावं म्हणून अंगावर वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. पावडरला निळा, कार्बन डायऑक्साइडला काळा, फोमला सायीसारखा. आमच्या बिल्डिंगला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याकडे थोडा लाल उरला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून सगळे सिलिंडर नोझलसकट एकसारखे करून घेतले. आतला दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवरही एक हात बसला. त्यामुळे काटा हिरव्यात आहे की तांबड्यात, हा वाद आमच्याकडे उद्भवत नाही.

आता टांगायचा कुठे? शास्त्र म्हणतं, बूड जमिनीपासून साधारण ७५० मिलिमीटरवर असावं आणि मजल्यावरच्या कुठल्याही कोपऱ्यातून १५ मीटरच्या आत हाताला यावा. शास्त्र लिहिणाऱ्याने मुंबईतला पॅसेज पाहिलेला नाही. पॅसेजमध्ये आधी चपलांचं कपाट येतं, मग तुळशीची कुंडी, मग दोन सायकली, मग मुलाचं लग्न ठरल्यावर घरात मावेनासा झालेला दिवाण. दुसऱ्या मजल्यावरचा तो दिवाण आता नातवंडं पाहतो आहे. दिवाणाच्या मागे जी जागा उरेल ती सिलिंडरची. शिवाय हल्ली कोणीतरी ई-स्कूटरची बॅटरी वर आणून तिथेच चार्जिंगला लावतं. ती पेटली तर पावडरचा फवारा वरवरचा जाळ दाबतो, पण आतली उष्णता तशीच राहते आणि ती पुन्हा पुन्हा पेट घेते. तिला गार करायला भरपूर पाणी लागतं आणि आपल्याकडे पाणी सकाळी दीड तास. म्हणून या विषयावर नोटीस काढू नका, बॅटरीवाल्यांची मतं जातात.

पोरांचाही विचार करावा लागतो. पॅसेजमधल्या क्रिकेटला सिलिंडरासारखा दुसरा स्टंप नाही. चेंडू लागला की 'ठण्ण' असा आवाज येतो, आउटवर भांडण होत नाही. यावर उपाय म्हणून आम्ही दांडी दाबण्याआधी काढायची ती सेफ्टी पिन बाइंडिंग वायरने घट्ट गुंडाळून टाकली. पक्कड आणल्याशिवाय निघत नाही. पुढे दोन पितळी नोझल चोरीला गेली, तेव्हा काचेची कपाटं करून त्यांना कुलपं लावली. चावी वॉचमनकडे. वॉचमन रात्री आठला बदलतो आणि रात्रीच्याला जुडग्यातली ही चावी कसली हे ठाऊक नाही. थोडक्यात, सिलिंडर आता पूर्ण सुरक्षित आहे.

(पूर्वी बरं होतं. सरकारी कचेऱ्यांत आणि थिएटरांत वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत. बूड गोल, म्हणजे कोणी घरी नेली तरी ती खाली उभी राहू नये. त्या काळातल्या माणसाला आपली माणसं नीट ओळखीची होती. तरी त्या वाळूत पानाच्या पिचकाऱ्या आणि विड्यांची थोटकं किती निघायची, ते मोजायला मात्र तो विसरला.)

देखभाल हा तुमच्या खात्यातला सगळ्यांत सुखाचा भाग. एजन्सीचा मुलगा येतो. त्याच्या एका हातात फडकं, दुसऱ्या हातात स्टिकरांचं बंडल. आमचे २३ सिलिंडर तो बारा मिनिटांत करतो, त्यात एक चहा. खरं म्हणजे पावडर बसून घट्ट होते, म्हणून अधूनमधून सिलिंडर उलटासुलटा करून हलवावा, उघडून गुठळ्या पाहाव्यात, नोझलमध्ये कोळ्याने घर केलंय का ते बघावं, तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने टाकीची चाचणी घ्यावी. कार्बन डायऑक्साइडवाल्याची पाच वर्षांनी. पण हे सगळं करायचं तर स्टिकर कधी लावणार? आमच्या तळमजल्यावरच्या सिलिंडरवर स्टिकरांचे नऊ थर आहेत. मला वाटतं, आता पत्र्यापेक्षा त्यांचीच जाडी जास्त असेल.

एका माणसापासून मात्र सावध राहा. प्रत्येक सोसायटीत असा एक असतो. आमच्याकडे चौथ्या मजल्यावरचे काका. ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कंपनीत तीस वर्षं काढलेली, त्यामुळे आगीची सवय गेली नाही. त्यांनी एकदा खालच्या वाण्याचा काटा वर आणला. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला गेज नसतं, आत काय उरलंय ते वजनावरूनच कळतं आणि भरलेल्यातला दहावा हिस्सा जरी कमी झाला तरी तो पुन्हा भरायला पाठवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. मीटर रूममधल्याचं वजन भरलं बरोबर त्याच्या मानेवर कोरलेल्या रिकाम्या वजनाइतकं. आतला वायू केव्हाच वर गेला होता. स्टिकर मात्र गेल्या महिन्याचं. एजन्सीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, "काका, हवेला कुठं वजन असतं?" आमच्या चेअरमनना हा मुद्दा पटला. त्याच सभेत ठराव झाला की काकांनी काटा वाण्याला तात्काळ परत करावा.

प्रशिक्षण वर्षातून एकदा ठेवावं लागतं. तारीख १४ एप्रिल सोयीची, कारण तो अग्निशमन सेवा दिन आणि आंबेडकर जयंतीची सुट्टीही. तो दिवस कशाचा, असं कोणी विचारलं तर सांगू नका, लोक उगाच गंभीर होतात. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज पेटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि त्याच पोटात शेकडो टन स्फोटकं. सोन्याच्या विटाही होत्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. बॉम्बे फायर ब्रिगेडचे ६६ जवान पाणी मारता मारता तिथेच गेले. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात कोणी आणि कोणत्या सहीने भरला असेल? असो. आपल्या जिन्याखाली थिनरचे डबे, जुन्या गाद्या आणि मीटर बॉक्स एकत्र आहेत, तो विषय वेगळा.

प्रात्यक्षिकाला ट्रेमध्ये थोडं रॉकेल पेटवतात आणि "कोण येतंय?" विचारतात. कोणी जात नाही. कारण सिलिंडर एकदा जरासा जरी दाबला तरी आतला दाब हळूहळू गळून जातो, मग तो पुन्हा भरावा लागतो आणि त्याचे पैसे कोण देणार, यावर खजिनदार सगळ्यांकडे आळीपाळीने बघत असतात. शेवटी एखादा तरुण पुढे येतो. त्याला सांगतात, पिन काढ, नोझल जाळाच्या बुडाशी धर, दांडी दाब आणि डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरव. तुम्ही मात्र शेंड्यावर मारा, फोटोत तोच दिसतो. पाठ दाराकडे ठेवावी, म्हणजे आग आवरली नाही तर मागच्या मागे निघता येतं, असंही शिकवतात. आपल्याला पाठ नाही, तोंड दाखवायचं आहे. कॅमेरा बघून उभे राहा. आणि नेहमीचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांतच संपतो, हे सभासदांना कळू देऊ नका. त्यांचा समज आहे की तो मनपाच्या नळासारखा दीड तास चालतो. समज गोड आहे, राहू दे.

विल्हेवाटीचं बघू. पावडरचा सिलिंडर १० वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडचा १५ वर्षांनी निवृत्त करावा असा दंडक आहे. साल टाकीवर ठोकलेलं असतं. आपण ते रंगवलेलं असल्यामुळे आपले सिलिंडर चिरतरुण आहेत. तरी एखादा टाकायचाच झाला तर मी सगळं करून पाहिलं आहे. आधी कचऱ्याच्या गाडीवर दिला. गाडीवाल्याने विचारलं, "ओला की सुका?" आत पावडर आहे म्हणून मी सुका म्हटलं, त्याने घेतला नाही. मग भंगारवाल्याला बोलावलं. त्याने उचलला, कानाशी हलवून बघितला आणि तोही परत ठेवला. म्हणाला, भरलेला असेल तर गॅस कटर लावल्यावर आमचा पोरगा जायचा. लोक किती लहान मनाचे असतात बघा. एजन्सीकडे परत द्यावा, ते दाब काढून, व्हॉल्व्ह उतरवून, पत्र्याला भोक पाडून देतात म्हणजे कोणी पुन्हा रंगवून विकू नये, हा मार्ग आहे खरा. पण मग बाजारात स्वस्त कोटेशन कुठून येणार?

शेवटी मी पावडर काढून गच्चीवरच्या झाडांना घातली. कल्पना माझी नव्हे, तासगावकडच्या मेहुण्याची. त्याची द्राक्षबाग आहे. ए, बी, सी तिन्ही वर्गांना चालणाऱ्या एबीसी पावडरमध्ये मोनो अमोनियम फॉस्फेट असतं, हे ऐकल्याबरोबर तो म्हणाला, "दाजी, हे तर आमचं बारा एकसष्ट!" १२:६१:०० या खताची पिशवी ते ठिबकमधून सोडतात. त्याचं चुकलं नव्हतं, फक्त सिलिंडरमधल्या पावडरला ओल लागू नये म्हणून सिलिकॉनचा लेप दिलेला असतो. ती पाण्यात विरघळेना, वर तरंगत राहिली. कढीपत्ता आठवडाभर गौरीसारखा पांढरा होता. आता उरलेले तीन सिलिंडर गच्चीच्या दाराला अडण म्हणून लावले आहेत. वारा सुटला तरी दार हलत नाही.

एवढं सगळं व्यवस्थित असताना गेल्या गणपतीत चौथ्या मजल्यावर, त्याच काकांकडे, तळणीच्या मोदकांचं तेल पेटलं. मुलगा पॅसेजमध्ये धावला, कपाटाला कुलूप. पुतण्या पाण्याची बादली घेऊन धावला. पेटत्या तेलात पाणी ओतलं की ते बुडाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि तेल छताला लागतं. पण काकूंनी त्याला दारातच दम भरला, हात लांब करून गॅस बंद केला आणि कढईवर पितळी परात पालथी घातली. अर्धा तास कोणाला उचलू दिली नाही. संपलं.

कमिटीने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. सोसायटीने मंजूर केलेली साधनं हाताशी असताना काकूंनी परस्पर खाजगी साधन वापरलं होतं. काकूंनी लेखी खुलासा द्यायला नकार दिला, उलट मोदक पाठवले. तेव्हा मध्यम मार्ग म्हणून परात अग्निशमन साहित्याच्या रजिस्टरमध्ये २४ व्या क्रमांकावर चढवली. जानेवारीत एजन्सीचा मुलगा आला, त्याने परातीवर फडकं मारलं आणि स्टिकर लावला. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिच्यात कणीक भिजवली, स्टिकर निघून गेला. आता जुलैत बघू.