एक दिवस उशिरा लागणारा दिवा

ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या आमच्या घरी ज्येष्ठ महिन्यात एक दिवा लागायचा. देवघरात नाही, तुळशीपाशीही नाही. मागच्या दाराबाहेर, जिथे एके काळी घोड्यांची पागा होती, तिथल्या कोनाड्यात. आजी लावायची, तिच्या आधी तिची सासू लावायची. आम्ही मुलांनी विचारलं की मोठी माणसं सांगायची, "राणीसाहेबांसाठी." झाशीच्या राणीची तिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. आमचा दिवा लागायचा अष्टमीला. हा एक दिवसाचा फरक घरातल्या सगळ्यांना दिसत होता, आणि त्याबद्दल कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

दिव्याबरोबर एक गोष्ट होती. राणी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या फौजेतला एक जखमी स्वार आमच्या पागेत आला आणि खापरपणजोबांनी त्याला वाचवलं. मी या गोष्टीवर वाढले. शाळेत निबंधात लिहिली, आणि हॅम्बुर्गला आल्यावर माझ्या मुलीलाही झोपताना सांगितली.

माझा चुलतभाऊ गेली तीन वर्षं १८५८ च्या ग्वाल्हेरवर कादंबरी लिहितो आहे. त्यासाठी त्याने माळ्यावरचे जुने रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, उतरवले. त्यात मोडीतला एक अर्ज निघाला. पुण्याच्या एका जाणकाराकडून त्याने तो वाचून घेतला, मग खात्रीसाठी दुसऱ्याकडून. अर्ज खापरपणजोबांचा, १८५९ मधला. आशय एवढाच, की आपण एक बंडवाला स्वार घोड्यासुद्धा छावणीत हजर केला, त्याबद्दल कबूल झालेलं बक्षीस अजून हाती आलेलं नाही, तरी सरकारने मेहेरबानी करावी.

तेव्हापासून घरात वाद पेटला आहे. थोरल्या काकांचा फोन आला. "तो पोरगा काय लिहून राहिलाय, तुला ठाऊक आहे का? गेलेल्या माणसाला बाजारात उभं करायचं?" आत्याचं म्हणणं, नावं बदल, गल्ली बदल, मग खुशाल लिही. भाच्याचं म्हणणं, कादंबरी कशाला, अर्जच छापून टाका. आणि माझ्यापर्यंत येताना प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच: "तू जर्मनीत राहतेस, तिथे तर हे सगळं उघडपणे बोलतात ना?"

म्हणून हे लिहिते आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर भारतात समजतात तितकं सरळ नाही.

आमच्या हॅम्बुर्ग शहराच्या आग्नेय कडेला नॉयेनगामे आहे. १९३८ ते १९४५ या काळात तिथे नाझींची छळछावणी होती. एक लाखाहून अधिक कैदी त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत होते, त्यांतले निदान ४२,९०० मेले. मुलीच्या शाळेची सहल तिथे गेली होती, तेव्हा पालक म्हणून मीही गेले. ते आकडे ऐकायची मनाची तयारी होती. जी नव्हती ती दुसऱ्या एका गोष्टीची. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये शहराने त्याच जागेवर तुरुंग सुरू केला, पुढे आणखी एक बांधला, आणि त्यांतला शेवटचा हलला तो २००६ मध्ये. म्हणजे मी या शहरात राहायला आले तेव्हाही छावणीच्या जमिनीवर तुरुंग उभा होता. ज्या देशाला आपण कबुलीचा आदर्श समजतो, त्याच्या एका श्रीमंत, सुशिक्षित शहराला आपल्याच कुंपणातलं मोकळं करायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

आणि घरांना? १९९५ मध्ये हॅम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेने जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवर एक प्रदर्शन भरवलं. तोवर लोकांची समजूत अशी, की पापं केली ती खास नाझी दलांनी, साधा शिपाई फक्त लढला. ते प्रदर्शन या साध्या शिपायाबद्दल होतं, म्हणजे प्रत्येकाच्या बापाबद्दल, आजोबांबद्दल. ते गावोगाव फिरलं आणि घराघरांत भांडणं झाली. काही छायाचित्रांखालची माहिती चुकीची निघाली म्हणून १९९९ मध्ये ते थांबवावं लागलं, सगळं तपासून २००१ मध्ये नव्याने उघडलं. मूळ म्हणणं टिकलं. पण चुकांमुळे किती जणांना नजर फिरवायची सोय झाली, हे माझ्या शेजारच्या आजी अजून सांगतात. भावाने अर्ज दोघांकडून वाचून घेतला तेव्हा मला हेच आठवलं आणि त्याचा अभिमान वाटला.

या आजींकडे त्यांच्या वडिलांची रशियाच्या आघाडीवरून आलेली पत्रं आहेत. जुन्या जर्मन वळणाची लिपी, जी १९४१ नंतर शाळांतून गेली. आपल्या मोडीसारखंच झालं. कागद घरात आहे, रक्ताच्या माणसाचा आहे, आणि वाचता येत नाही. हॅम्बुर्गमध्ये वृद्ध स्वयंसेवकांचा एक गट अशी पत्रं वाचून देतो. आजी चौदा वर्षं पत्रांचा डबा बाळगून होत्या, त्या गटाचा पत्ता त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला होता, आणि त्या गेल्या नाहीत. शेवटी गेल्या तेव्हा पत्रांत निघाली थंडी, बूट, घरच्या जॅमची आठवण. आणि एका पत्रात एका गावाचं नाव, आणि "आजचं काम लिहिण्यासारखं नाही" एवढंच. आजी म्हणाल्या, सगळं लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं, किंवा काहीच नसतं तर.

इथे युद्धावरच्या कादंबऱ्यांचा एक ठरलेला घाट आहे आणि तो जगभर चालतो. आजी वारते, माळ्यावर पेटी सापडते, नात पत्रं वाचायला लागते. एक प्रकरण आजचं, एक १९४३ चं. शेवटी गुपित फुटतं, आणि बहुतेक वेळा ते नातीला सोसेल असंच असतं. आजीचं एक प्रेम होतं, किंवा आजीने कोणाला तरी लपवलं होतं. मी अशा कादंबऱ्या आवडीने वाचल्या आहेत, रात्र रात्र जागून. पण आता त्यांच्यावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि त्याचं कारण एक अभ्यास आहे.

हाराल्ड वेल्त्सर आणि त्यांच्या दोन सहकारी स्त्रियांनी चाळीस जर्मन कुटुंबांत तीन पिढ्यांशी बोलून तो केला, २००२ मध्ये पुस्तक आलं. नावच आहे 'आजोबा नाझी नव्हते'. त्यांना आढळलं की नातवंडांना शाळेत इतिहास चांगला शिकवलेला होता, नाझी राजवटीबद्दल त्यांच्या मनात चीड होती, आणि नेमकी त्या चिडीमुळेच ती आपल्या आजीआजोबांना त्यातून बाहेर काढत होती. एक आजी सांगते की युद्धानंतर छावणीतून सुटलेल्या माणसांना घरात जागा द्यावी लागू नये म्हणून तिने काय काय युक्त्या केल्या. तिच्या नातीच्या तोंडी त्याच घराची गोष्ट अशी होते की आजीने ज्यूंना लपवलं होतं. नात खोटं बोलत नव्हती. तिचं आजीवर प्रेम होतं आणि तिला इतिहास ठाऊक होता. या दोन गोष्टी एका घरात नांदाव्यात म्हणून तिच्या कानांनी वाक्य बदलून घेतलं.

हे वाचून मी माझ्याच घरची गोष्ट पुन्हा आठवून पाहिली, शब्दन् शब्द. आजी कधीच "वाचवला" म्हणाली नव्हती. ती म्हणायची, "पागेत एक स्वार आला होता." बस. बाबा सांगायचे, "लपवला होता." "वाचवलं" हा शब्द आमच्या पिढीचा. निबंधात बहुधा मीच पहिल्यांदा लिहिला.

तरीही जर्मनीचा गज घेऊन लश्करातलं घर मोजायला माझं मन धजत नाही. इथले आजोबा एका खुनी राज्याचे हात होते, तेही ते राज्य जिंकत असताना. आमचे खापरपणजोबा फडावरचे कारकून. त्यांचा जून १८५८ डोळ्यांपुढे आणून पाहा. १ जूनला मुरारजवळ शिंद्यांची फौज फिरली, तेवीस-चोवीस वर्षांचे जयाजीराव आग्र्याला निघून गेले आणि शहर पेशव्यांचे रावसाहेब, तात्या टोपे आणि राणीच्या हाती आलं. फुलबागेत दरबार भरला, खजिना उघडला गेला. १६ ला इंग्रजांनी मुरार घेतलं, १७ ला कोटा की सरायला राणी पडली, १९ ला लश्कर गेलं, २० ला किल्ला. वीस दिवसांत शहराचे धनी दोनदा बदलले. मग वसुली सुरू झाली, माणसांची. खजिना बंडवाल्यांना उघडून देणारे अमरचंद बांठिया यांना सराफ्यात कडुनिंबाच्या झाडाला फाशी दिलं. ते झाड आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दहा मिनिटांवर एक माणूस टांगलेला असताना, आणि आपण त्या वीस दिवसांत फडावर नुसतं जाऊन बसलो एवढाही पुरावा पुरेसा असताना, पागेत एक स्वार येतो.

मी त्यांना माफ करत नाही. माफी द्यायची असेल तर ती त्या स्वाराने द्यायची, आणि त्याचं नाव अर्जात नाही. पण भाचा त्यांना "गद्दार" म्हणतो, तेव्हा त्याने एकदा त्या निंबाखाली उभं राहून हा शब्द म्हणून पाहावा असं वाटतं. आणि मला काका दिसतात. तात्यांना पकडून देणारा नरवरचा मानसिंग नावाने इतिहासात आहे, त्याच्यामुळे १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत तात्यांना फाशी झाली हे शाळकरी पोराला ठाऊक असतं. त्याच रांगेत खूप मागे आपल्या घरच्या माणसाला उभं करायचं, हे काकांना पेलत नाही. ते रोज त्याच गल्लीत दूध आणायला जातात. मी नाही जात. परदेशात बसून खरेपणाचा आग्रह धरणं किती स्वस्त आहे हे मला पुरतं कळतं.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची अडचण तशी जुनी आहे. मीठ शिंद्यांचं आणि डोळ्यांतलं पाणी राणीसाठी. सुभद्राकुमारी चौहानांच्या राणीवरच्या कवितेत शिंद्यांना इंग्रजांचे मित्र म्हणणारी ती एक ओळ आहे, जी ग्वाल्हेरच्या शाळेत म्हणताना आमच्या बाईंचा आवाज खाली यायचा. बाईंचे वडील दरबारात होते. आपल्याकडे गप्प बसणं हे नेहमी लबाडीतूनच येतं असं नाही. विष्णुभट गोडशांनी सत्तावनचं सारं डोळ्यांनी पाहिलं, लिहूनही काढलं. ते छापून आलं १९०७ मध्ये, त्यांच्या पश्चात, तेही चिंतामणराव वैद्यांनी फेरफार करून. मूळ पोथीबरहुकूम 'माझा प्रवास' वाचायला मराठी माणसाला १९६६ उजाडावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी ते काढलं. एका भटजीची साधी हकीकत इतकी वर्षं दबकून राहिली, तर बक्षिसाचा अर्ज रुमालात का राहू नये?

मग कादंबरीने काय करावं? भावाने पहिला खर्डा पाठवला तेव्हा त्यात शेवट असा होता: खापरपणजी रात्री स्वाराला मागच्या दाराने काढून देते आणि छावणीत हजर होतो तो दुसराच कोणी, रणात मेलेला. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला लिहिलं, हे प्रकरण काढ. हे तू लिहिलेलं नाहीस, हे आपल्या घराने तुझ्याकडून लिहवून घेतलं आहे.

कारण घरातलं गुपित पेटीत नसतं. पेटीत कागद असतो. गुपित सवयीत असतं. पागेकडे मुलांनी खेळायला जायचं नाही, घरात घोड्याचं चित्र लावायचं नाही, दिवा अष्टमीला लावायचा. आमच्या घरात पुरुषांनी गोष्ट सांभाळली आणि तिला दर पिढीत थोडं तूप लावलं. बायकांनी दिवा सांभाळला, आणि तिथी हलू दिली नाही. चार पिढ्या सासूने सुनेला काय सांगितलं असेल? किती सांगितलं असेल? तो स्वार गेल्यावर त्या घरात पहिल्या रात्री कोण जेवलं, कोण जेवलं नाही? कागद फुटल्याने याचं उत्तर मिळत नाही. कादंबरीला खरं काम इथे आहे, अर्जाच्या पुढच्या दीडशे वर्षांत. १८५८ ची लढाई हवी तर वीस पानांत आटपावी.

भावाला हे पटलं की नाही, सांगता येत नाही. तो म्हणाला, "ताई, वाचकाला शेवट तर द्यावा लागेल ना." त्याचंही खरं आहे.

गेल्या रविवारी काकांना व्हिडिओवर फोन केला. सगळं बोलून झालं होतं, ते जरा निवळले होते. दिव्याचा विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, आजी गेली चौऱ्याण्णवला, तेव्हापासून कोण लावतंय. मागून काकूंचा आवाज आला. त्यांनी फोन हातात घेतला.

"मी लावते की. दर वर्षी. तुझी आजी सांगून गेली होती, सप्तमीला लावू नकोस."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "का ते सांगितलं होतं का, काकू?"

"कणीक भिजवायची राहिलीय गं," काकू म्हणाल्या, आणि फोन काकांच्या हातात परत दिला.